क्रोएशियातल्या डुब्रोवनिकच्या ट्रिप प्लॅनला मिळालेल्या २ स्टारवाल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचून आधी राग आला, मग गपचूप तुमची फाइल काढून बसलो. तुम्ही लिहिलंय की तीन दिवस नुसत्या पायऱ्या, बॅगा उचलून आईंची कंबर गेली, जुन्या शहराभोवतीच्या तटबंदीवर फिरायला माणशी ४० युरो म्हणजे लूट, बीचवर वाळू नाही आणि चर्च काय गोव्यातही आहेत.

बॅगांचं आधी बोलतो कारण ती चूक आमचीच. तुमची रूम पेलिने गल्लीत, म्हणजे उत्तरेच्या तटाला चिकटून, आणि जुन्या शहरात गाडी जातच नाही. स्ट्राडून म्हणजे तो मधला गुळगुळीत मेन रस्ता, तिथे पूर्वी समुद्राचं पाणी होतं ते बुजवून रस्ता केला, त्यामुळे तिथून वर जाणाऱ्या गल्ल्या म्हणजे नुसते जिने. टॅक्सीवाल्याने तुम्हाला जुन्या शहराच्या मुख्य दरवाजाला, म्हणजे पिले गेटला सोडलं (सगळ्यांनाच तिथे सोडतात) आणि तुम्ही सामानासकट खालून वर चढलात. वरच्या बाजूला बुझा गेट आहे, तिथे उतरला असता तर थोडं खाली उतरून थेट रूम. बुझा नावाचे बार आहेत ते वेगळे, ते समुद्राच्या बाजूला, त्यात पण लोक गोंधळतात. मला हे सगळं माहीत होतं आणि तुमच्या पीडीएफमध्ये टाकायचं राहिलं. आईंना माझ्याकडून सॉरी सांगा.

तटाचं तिकीट महाग आहे, मी पण दरवेळी कुरकुरतो. पण जवळपास तेवढ्याच पैशात एक दिवसाचा डुब्रोवनिक पास मिळतो, त्यात तट, म्युझियम आणि बस सगळं येतं, हे दुसऱ्या पानावर लिहिलं होतं. आणि सकाळी आठला जा असंही लिहिलं होतं, तुम्ही गेलात साडेअकराला. ग्रुझ बंदरात क्रूझ लागली की ती सगळी माणसं बसने पिलेलाच येतात, त्यात १,९४० मीटरचा तट, वर सावली जवळजवळ नाहीच. सुट्टीत लवकर उठायचा कंटाळा येतो हे मान्य, पण ती गर्दी मी कशी कमी करणार.

बीच तिथे खडे-दगडांचेच, त्याला इलाज नाही. लोक्रुम बेटाची बोट तिसऱ्या दिवशी ठेवली होती, ती तुम्ही शॉपिंगसाठी कॅन्सल केलीत.

गोव्याचं मात्र भारी बोललात! कुंभारजुव्याजवळ गवंडाळीला सेंट ब्लेझचं चर्च आहे, ते याच डुब्रोवनिकच्या व्यापाऱ्यांनी बांधलं असं सांगतात, आणि हाच संत डुब्रोवनिकचा ग्रामदैवत म्हणा ना. डुब्रोवनिकमधल्या त्याच्या चर्चमध्ये त्याची चांदीची मूर्ती आहे, हातात अख्ख्या शहराचं छोटं मॉडेल, तेही १६६७ च्या भूकंपात पडायच्या आधीच्या शहराचं. हे आधी सांगितलं असतं तर कदाचित तुम्ही आत जाऊन आला असता, तेही राहिलंच.

प्लॅनिंगची फी पूर्ण परत केलीये, आज दुपारी जीपेला टाकली, आली का बघा.