आधी ओळख झाली की भांडण लावणं अवघड जातं

वैर व्हायला काहीतरी मोठं कारण लागतं, असं आपण धरून चालतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला तर हे सांगायलाच नको. 1956 साली आपल्याला न विचारता मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात घातलं, तेव्हापासून कारणांची पोतडी भरलेलीच आहे. पण माणसाच्या वागण्याविषयी जे वाचत आलोय त्यावरून माझं मत असं झालंय की कारण नसलं तरी भागतं. दोन गट पाडले की पुरे.

हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या एका शाळेतली 14-15 वर्षांची मुलं घेतली. पडद्यावर ठिपके दाखवले आणि किती होते ते विचारलं. मग, तू जास्त सांगणाऱ्यांतला, तू कमी सांगणाऱ्यांतला, असं म्हणून त्यांचे दोन गट केले. हा प्रयोग 1970 च्या सुमाराचा. खरं तर गट कसेही पाडले होते, ठिपक्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. नंतर प्रत्येकाला इतर मुलांत थोडे पैसे वाटायला सांगितले. कोणाला वाटतोय हे माहीत नाही, फक्त त्याचा गट माहीत. स्वतःच्या खिशात त्यातलं काही येणार नाही. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून वाईट म्हणजे, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यांना त्याहून कमी मिळायला हवेत, असा कल पुढच्या तशाच एका प्रयोगात दिसला.

ठिपक्यांवरून हे होतं, तर भाषेवरून काय होत नसेल!

भाषेचाही प्रयोग झालेला आहे. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये इंग्रजी आणि फ्रेंच बोलणाऱ्यांची ओढाताण जुनी. तिथे वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्यांकडून एकच उतारा दोन्ही भाषांत वाचून घेतला आणि ते आवाज लोकांना ऐकवले. ऐकणाऱ्यांना वाटलं, ही सगळी वेगवेगळी माणसं. तोच माणूस इंग्रजीत बोलला की जास्त हुशार वाटला, जास्त भरवशाचा वाटला, इतकंच काय, उंच आणि देखणासुद्धा वाटला! 1960 साली हे छापून आलं. मला सगळ्यात लागलं ते पुढचं. फ्रेंच आवाजांना कमी लेखण्यात खुद्द फ्रेंच श्रोते इंग्रजांच्याही पुढे होते.

आपल्याकडे फोनवर ‘हेळ्री’ (कन्नडमधलं ‘बोला’) ऐकू आलं की पलीकडच्या माणसाचं चित्र मनात तयार होतं, त्याने काम सांगायच्या आधीच. आणि आपल्याच बोलीचं काय? पुण्याला गेलेली आपली पोरं ‘काय करूलास’ गिळून टाकतात आणि महिनाभरात ‘काय करतोयस’ म्हणायला लागतात. मला याचं फार वाईट वाटतं. कमीपणा त्यांना कोणी शिकवला नाही, तो आवाजाबरोबर आपोआप आला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मूळचे तुर्कस्तानचे मुझफर शेरीफ यांनी 1954 साली अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका जंगलात साधारण 11 वर्षांच्या 22 मुलांचं शिबिर घेतलं. दोन गट वेगवेगळे आणले, वेगवेगळे ठेवले. पहिले काही दिवस दुसरा गट आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मग रस्सीखेच, बेसबॉल अशा स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत शिव्या, एकमेकांचे झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी. एकत्र जेवायला बसवलं तर ताटातलं अन्न फेकून मारलं. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांना मिळून टाकीपर्यंत शोधत जावं लागलं, ट्रक अडकला आणि सगळ्यांनी मिळून दोर ओढला, तेव्हा कुठे ती मुलं निवळली. 2019 च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ हायवेवर आलं, मलप्रभेने खानापूर तालुक्यात शेतं गिळली, तेव्हा दोराचं दुसरं टोक धरणाऱ्याची भाषा कोणी विचारली होती?

हा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याच्या आदल्या वर्षीचा फसलेला प्रयोग मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते आपल्या कामाचा तोच आहे. 1953 साली शेरीफ यांनी असंच शिबिर घेतलं होतं. त्यात मुलांना आधी एकत्र राहू दिलं, दोस्ती होऊ दिली आणि मग गट पाडले. भांडण पेटावं म्हणून शिबिर चालवणाऱ्यांनीच गुपचूप खोड्या केल्या आणि दुसऱ्या गटावर संशय जाईल अशी व्यवस्था केली. मुलं भांडली नाहीत. हे काम आपल्या दोस्तांचं नव्हे, असं ठरवून ती उलट मोठ्यांकडेच संशयाने बघायला लागली. शेवटी प्रयोग गुंडाळावा लागला.

हक्क सोडून द्या असं मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयातला सीमाप्रश्नाचा 2004 पासूनचा दावा आपल्या जागी आहे, मराठी शाळा टिकायलाच हव्यात, पोरांनी मराठीतच शिकावं. पण आपल्या कितीतरी गावांत मराठी आणि कन्नड शाळा अगदी शेजारी असतात. वर्षभर पोरांची गाठ नाही आणि गाठ पडते ती थेट मैदानावर, ही शाळा विरुद्ध ती शाळा. म्हणजे 1954 चं शिबिर आपण दरवर्षी भरवतोय. त्याऐवजी पहिलीपासून आठवड्यात एक तास दोन्ही शाळांची पोरं मिसळून कबड्डी, खो-खो खेळू देत. संघ चिठ्ठ्या टाकून पाडायचे, म्हणजे मराठी एकीकडे आणि कन्नड दुसरीकडे असं होणारच नाही. याला ना निधी लागतो ना सरकारी आदेश. दोन हेडमास्तरांनी ठरवलं की झालं.

तुमच्यापैकी कोणी एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीवर असाल तर येत्या बैठकीत हा विषय काढाच. आमच्या गावात मी काढणार आहे. गुरुजींनी हो म्हटलं तर चिठ्ठ्या पाडायला दर आठवड्याला मी स्वतः जाईन.