गोरिलाच्या कवटीत माणसाचा मेंदू मावत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला. जुन्या अमेरिकन कॉमिक्सची मुखपृष्ठं, बहुतेकांवर प्रयोगशाळा: उकळणारे चंबू, विजेचे लोळ, टेबलाला बांधलेली माणसं. ही चित्रं काल्पनिक नाहीत, असा खाली दावा. 1951 साली एका गुप्त प्रयोगशाळेत माणसाचा मेंदू गोरिलात बसवला आणि एका कॉमिकने ते मुखपृष्ठावर फोडलं. सुपरमॅनच्या गोष्टीत अणुबाँबचं गुपित आलं म्हणून लेखकाला अटक झाली. किरणोत्सारी पदार्थ हिरवे चमकतात, हे चित्रकारांनी स्वतः पाहिलं होतं. शास्त्रज्ञ कायम वेडे दाखवल्यामुळे मुलं विज्ञानापासून पळाली. आणि शेवटी, कॉमिक्स वाचून मुलं गुन्हेगार होतात हे अमेरिकन सिनेटने सिद्ध केलं, कायद्याने बंदी घातली, तेव्हा तुमच्या घरातली कॉमिक्स आजच बाहेर काढा.

हे वाचून माझ्या मावसबहिणीने मुलाचा कॉमिक्सचा अख्खा खोका रद्दीत घातला. मुलगा अकरावीत आहे. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून एकेक करून त्याने ती जमवली होती. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, ताईही चांगली शिकलेली आहे, म्हणून राग जास्त आला. ज्या मजकुरात कॉमिक्स जगातली गुपितं उघड करतात आणि तीच कॉमिक्स मुलांना नासवतात, त्यातलं निदान एक तरी खोटं असणार, एवढी शंका यायला हवी होती.

आधी गोरिला. ते मुखपृष्ठ खरं आहे. 'स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स' या मासिकाचा आठवा अंक, 1951. पण चित्र नीट पाहा. त्यात प्रयोगशाळा नाहीच, पिंजरा आहे. पिंजऱ्यात गोरिला, त्याच्या हातात पाटी, आणि आपण एका भयंकर वैज्ञानिक प्रयोगाचा बळी आहोत असं त्याने पाटीवर लिहिलंय. एवढं पाहिल्यावर आत काय आहे हे कळल्याशिवाय माणसाला राहवत नाही, आणि चित्र काढलंय ते त्याचसाठी. अंकाची किंमत 10 सेंट. दुकानातल्या रॅकवर शेजारी दुसरी कॉमिक्स लावलेली, त्यातून मुलाचा हात याच अंकाकडे वळायला हवा. या मासिकाचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांची पद्धत प्रसिद्ध आहे: आधी लक्ष वेधणारं मुखपृष्ठ ठरवायचं, मग लेखकाला सांगायचं की या चित्राला साजेशी गोष्ट रचून आण. म्हणजे चित्रामागे घटना सोडाच, पुष्कळदा गोष्टसुद्धा नसायची. हा अंक जोरात खपला आणि त्यानंतर वर्षानुवर्षं हे मासिक काढणाऱ्या कंपनीच्या मुखपृष्ठांवर गोरिलेच गोरिले आले. कुठली गुप्त माहिती फुटली म्हणून आले नाहीत, खप वाढला म्हणून आले.

आता शरीरशास्त्र. माणसाचा मेंदू साधारण 1350 ग्रॅमचा, गोरिलाचा 500 च्या आसपास. गोरिलाचं डोकं बाहेरून भलंमोठं दिसतं, पण तो आकार जबड्याच्या स्नायूंचा आणि ते स्नायू जिथे चिकटतात त्या हाडाच्या कंगोऱ्याचा असतो. आतली पोकळी लहान. आपला मेंदू तिथे मावतच नाही. समजा मावला, तरी रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरायला लागतात, आणि कापलेला मज्जारज्जू पुन्हा जोडून चालता करणं आजही कोणाला जमलेलं नाही. शिवाय परका अवयव शरीर नाकारतं. माणसाच्या मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण डॉ. जोसेफ मरे यांनी बॉस्टनमध्ये केलं ते 1954 च्या डिसेंबरमध्ये, तेही एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, कारण तिथे शरीर अवयव नाकारत नाही. माणसाचं मूत्रपिंड माणसात बसवायला 1954 उजाडलं, आणि त्याच्या तीन वर्षं आधी माणसाचा मेंदू प्राण्यात बसवून झाला म्हणे! बारावीचं जीवशास्त्र झालेल्या माणसांनी हे पुढे पाठवलंय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उरलेल्या मुखपृष्ठांवरच्या प्रयोगशाळाही अशाच. चंबूत गुलाबी द्रव खदखदतोय, पण खाली बर्नर नाही. काचेच्या नळ्या वेटोळं घेत टेबलाच्या कडेला जातात आणि तिथेच संपतात. शास्त्रज्ञाच्या डोळ्यांवर चष्मा नाही, हातात मोजे नाहीत. चित्रकाराला हवा असतो तो भीतीचा देखावा. त्यात त्याची काही चूक नाही, त्याला पुरावा समजणाऱ्यांची आहे.

सुपरमॅनच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. एप्रिल 1945 मध्ये वर्तमानपत्रांतल्या सुपरमॅनच्या चित्रपट्टीत त्याच्यावर सायक्लोट्रॉनचा, म्हणजे अणूंचे कण प्रचंड वेगाने फिरवणाऱ्या यंत्राचा, मारा होतो असं कथानक सुरू होतं, आणि ते थांबवण्यासाठी अमेरिकेच्या युद्धखात्याने हालचाल केली. पण अटक कोणालाही झाली नाही, आणि गुपितही काही नव्हतं. सायक्लोट्रॉनबद्दल अर्नेस्ट लॉरेन्स यांना 1939 चं नोबेल मिळालेलं होतं. जे यंत्र जगाला माहीत होतं त्याचा नुसता उल्लेखही अणुबाँबचं काम गुप्तपणे चालू असल्यामुळे लष्कराला त्या दिवसांत नकोसा झाला होता, इतकंच.

हिरव्या चमकेबद्दल दोनच वाक्यं. घड्याळांच्या तबकड्यांवरचा रेडियमचा रंग हिरवट चमकायचा तो त्यात मिसळलेल्या झिंक सल्फाइडमुळे. रेडियमची स्वतःची चमक फिकी, निळसर असते.

वेडे शास्त्रज्ञ होते, भरपूर होते. सुपरमॅनचा शत्रू, वेडा शास्त्रज्ञ लूथर 1940 पासून आहे. पण त्याच दशकात 'ट्रू कॉमिक्स'सारखी मासिकं पाश्चर आणि पिवळ्या तापावर संशोधन करणारे डॉक्टर वॉल्टर रीड यांना नायक करून लाखो मुलांच्या हातात देत होती. वैद्यकाचे इतिहासकार बर्ट हॅन्सन यांनी 2004 मध्ये यावर सविस्तर निबंध लिहिलाय. फॉरवर्ड तयार करणाऱ्याने त्यातलं एकही मुखपृष्ठ घेतलेलं नाही.

राहिली सिनेट, जिच्यापायी खोका गेला. सिनेटच्या उपसमितीने 1954 च्या एप्रिल आणि जूनमध्ये न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली, हे खरं. सिद्ध काहीच झालं नाही. देशभर बंदी घालणारा कायदाही झाला नाही. घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःच कॉमिक्स कोड नावाची नियमावली करून घेतली. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, हे तिथे सर्वांत ठासून सांगणारे साक्षीदार मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम. माणूस वाईट नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरिबांसाठी त्यांनी दवाखाना चालवला. पण त्यांची कागदपत्रं 2010 मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांना खुली झाली. इलिनॉय विद्यापीठाच्या कॅरोल टिली यांनी ती मूळ टिपणं वर्थम यांच्या कॉमिक्सविरोधी पुस्तकाशी ताडून पाहिली आणि 2012 मध्ये निष्कर्ष छापले. मुलांचं बोलणं बदललेलं होतं. वेगवेगळ्या मुलांची विधानं एकाच मुलाच्या तोंडी घातली होती. मुलं बिघडण्याची दुसरी कारणं टिपणांत होती, पुस्तकातून गाळली होती. ज्या पायावर हा सगळा दावा उभा आहे तो पायाच असा. ताई, तू निदान हे एक संशोधन वाच.

आणि कॉमिक्स कोडच्या त्या शुद्धीकरणातून काय साधलं? 1956 च्या एका अंकासाठी ईसी या कॉमिक्स काढणाऱ्या कंपनीने वंशभेदाविरुद्धची आपली एक जुनी अंतराळकथा पुन्हा छापायला घेतली. शेवटच्या चौकटीत अंतराळवीर शिरस्त्राण काढतो आणि तो कृष्णवर्णीय आहे हे दिसतं. कोडच्या अधिकाऱ्याने तो कृष्णवर्णीय नको म्हणून अडवलं. प्रकाशक बिल गेन्स हटले नाहीत, कथा जशीच्या तशी छापली, आणि त्यानंतर ईसीने कॉमिक बुक काढणंच बंद केलं.