ब्रँड गाइडलाइन्स गुप्त असतात म्हणे!

कोल्हापुरात राजारामपुरीपासून उद्यमनगरपर्यंत डिजिटल बोर्डवाल्यांच्या ग्रुपवर ब्रँड गाइडलाइन्सबद्दल, म्हणजे कंपनीचा लोगो-रंग कसे वापरायचे त्या नियमांबद्दल, एक मेसेज फिरतोय: 'मोठ्या कंपन्यांच्या ब्रँड गाइडलाइन्स गुप्त असतात. नेटवर दिसते ती फुटलेली पीडीएफ. एकदा फुटली की लोगो सगळ्यांचा. आणि वाचून आपल्याला काय करायचंय?'

गुप्त कशाला ठेवतील? कंपनी स्वतः बोर्ड छापत नाही, आपण छापतो. नियम आपल्याला दिसलेच नाहीत तर पाळायचे कुणी? गुगल आणि आयबीएमची डिझाइनची नियमावली त्यांच्याच साइटवर कुणालाही उघडता येते. नासाचं सत्तरच्या दशकातलं लोगोचं मॅन्युअल नासाच्या साइटवर आहे. न्यूयॉर्क सबवेच्या पाट्यांचं १९७०चं मॅन्युअल तर पुन्हा पुस्तक म्हणून छापून विकलं. डीलरच्या बोर्डाची मापं, न आलेल्या जाहिराती असलं काही लॉगिनमागं असतं, ते सोडा.

'लोगो सगळ्यांचा' हे मात्र अंगाशी येणारं आहे. स्वच्छ भारतचा चष्म्याचा लोगो आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचा, २०१४च्या स्पर्धेतून निवडलेला. आज तो खिशातल्या नोटेच्या मागं आहे. म्हणून कुणी आपल्या फिनेलच्या बाटलीवर छापायचा का? गाइडलाइन वाचायला मोकळी असते, लोगो वापरायची परवानगी वेगळी. ट्रेडमार्क कायदा १९९९चा आहे आणि तो अडाणीही नाही. 'अमुक गाडीचे स्पेअर मिळतील' हे सांगायला गरजेपुरतं नाव लिहिलं तर कलम ३० आड येत नाही. पण कंपनीचा लोगो दारावर भला मोठा लावून अधिकृत डीलर असल्याचा आव आणला की ट्रेडमार्कभंगाचं कलम २९ उभं राहतं. बोर्ड रंगवणाऱ्यानं गिऱ्हाइकाला हे आधीच विचारावं.

वाचून काय करायचंय? गणपतीतल्या स्वागत कमानी आठवा. प्रायोजकाचा लोगो व्हॉट्सअॅपवरून जेपीजी फोटोत आलेला, कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केलेला, कडा खाल्लेल्या. जागा उरली म्हणून आडवा ताणलेला. स्क्रीनवर पास केलेला निळा फ्लेक्सवर जांभळा. गाइडलाइनच्या दोन-तीन पानांत सीएमवायकेचे (छपाईच्या चार शाईंच्या प्रमाणाचे) आकडे, लोगोभोवतीची मोकळी जागा, सगळ्यात लहान चालणारा आकार, काळ्यावर कुठलं रूप वापरायचं, सगळं असतं. ते न बघता छापलं आणि कंपनीच्या माणसानं कमान उतरवायला लावली, तर दुसऱ्या प्रिंटचे पैसे मंडळ देणार नाही, भावा.

ऑर्डर घेतानाच लोगोची वेक्टर फाइल मागा, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा न फाटणारी. गिऱ्हाइकाकडं नसेल तर कंपनीच्या साइटवर 'ब्रँड रिसोर्सेस' किंवा 'मीडिया किट' शोधा, बऱ्याचदा खाली तळाशी असतं.