पंधरा वर्षं नऊ महिने

आक्का पहाटे पाचला म्हशीखाली बसायच्या आधी मला फोन लावते. इथं इंग्लंडमध्ये, लेस्टरला, हिवाळ्यात तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. कधी गुडघ्याचं सांगते, कधी कोर्टाच्या तारखेचं. परवा तिनं एकच विचारलं. "पोरी, तू शिकल्यालीस. त्यो पोरगा पुढच्या दिवाळीला सुटणार म्हणत्यात. चौकात समोरनं आला तर मी काय करू?"

मला काही सांगता आलं नाही. फोन ठेवल्यावर झोपही आली नाही.

आक्का माझी नात्यातली नाही. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमच्या भिंतीला लागून तिचा गोठा आहे, एवढंच नातं, आणि ते माझ्या जन्मापासूनचं आहे. तिचा धाकटा मी दहावीत असताना रांगत होता. मोठा झाल्यावर संध्याकाळी म्हशी घेऊन तोच गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायचा. गिऱ्हाईक समोर उभं असताना धार काढायची आणि फेस बसायच्या आत ग्लास हातात द्यायचा. मी सुट्टीला गेले की माझ्याकडून पैसे घ्यायचा नाही. बाविसाव्या वर्षी त्याला चौकात मारलं. कारण काय, तर खुन्नस दिली. आधी मोबाईलवरच्या स्टेटसवरून काहीतरी झालं होतं, तेही दुसऱ्याच कुणाचं. मारणारे तिघं. दोघं एकोणीस-वीसचे. तिसरा पंधरा वर्षं नऊ महिन्यांचा, आणि एडका, म्हणजे ते धारदार हत्यार, त्याच्या शाळेच्या सॅकमधून निघाला.

मोठे दोघं कळंबा जेलमध्ये आहेत आणि त्यांचा खटला सेशन कोर्टात अजून चालूच आहे. तिसऱ्याची फाईल पहिल्याच आठवड्यात वेगळी झाली, कारण अल्पवयीन मुलाचा खटला मोठ्यांबरोबर चालवता येत नाही. आक्का चौकशीला गेली तर एका कार्यालयाच्या पायरीवरूनच तिला परत पाठवलं. "बारक्या पोरांची केस हाय, आत कुणाला सोडत न्हाईत म्हणालं. मी तिथंच बसलो. चारला उठून आलो, म्हशी वरडत असत्यात." मुलाला तीन वर्षं विशेष गृहात, म्हणजे अल्पवयीनांच्या सुधारगृहात, ठेवायचा आदेश झाला, हे तिला दुधाच्या गिऱ्हाइकाकडून कळलं. का तीन, आणि पुढं काय, हे आजतागायत कुणी तिला समोर बसवून सांगितलेलं नाही.

'का तीन' याचं उत्तर कायद्यात एका ओळीत आहे. मूल सोळाच्या आतलं असेल तर गुन्हा कोणताही असो, विशेष गृहात तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेतला अल्पवयीन तीन वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये बाहेर आला, देश पेटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेनं नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी त्यानं एक दार उघडलं. गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल तर बाल न्याय मंडळानं मुलाची समज तपासायची आणि खटला मोठ्यासारखा चालवायचा का ते ठरवायचं. सोळाच्या आत ते दार नाही. आक्काच्या पोराला मारणारा त्या दारापासून तीन महिने लांब होता. तीन महिन्यांनी हेच झालं असतं तर समज तपासली गेली असती, कदाचित बाल न्यायालय बसलं असतं. वार तेवढेच, सॅक तीच.

पुण्यातल्या कल्याणीनगरची घटना सगळ्यांना आठवत असेल. मे २०२४ मध्ये सतरा वर्षांच्या मुलानं पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअरना मारलं, आणि पंधरा तासांच्या आत तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर त्याला जामीन मिळाला. पुढं रक्ताचे नमुने बदलल्याचं निघालं, डॉक्टरांना अटक झाली. तरीही जुलै २०२५ मध्ये मंडळानं त्याला प्रौढ म्हणून चालवायची पोलिसांची मागणी नाकारली. लोक निबंधावर चिडले आणि त्यांचं बरोबरच होतं. पण त्या चिडीत एक गोष्ट मागं पडली. सदोष मनुष्यवधाला 'किमान सात वर्षं' अशी अट नाही, म्हणून २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तो 'निर्घृण' गुन्ह्यात बसत नाही. तिथं आडवी आली ती कलमाची व्याख्या. आक्काच्या बाबतीत जन्मतारीख आली.

मी जिथं राहते तिथलं सगळं चांगलं आहे असं म्हणायला हे लिहीत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये लेस्टरच्या कडेच्या एका बागेत आपल्याकडच्याच मुळाचे ऐंशी वर्षांचे आजोबा कुत्र्याला फिरवत होते. घर हाकेच्या अंतरावर. चौदा वर्षांच्या मुलानं त्यांच्यावर हल्ला केला आणि बारा वर्षांची मुलगी मोबाईलवर शूटिंग करत राहिली. आजोबा दुसऱ्या दिवशी गेले. ज्युरीनं मुलाला खुनातून सोडलं, सदोष मनुष्यवधात दोषी धरलं. जून २०२५ मध्ये त्याला सात वर्षं झाली आणि मुलीला तीन वर्षं देखरेख. ती घरी गेली. मी औषधांच्या दुकानात काम करते. त्या आठवड्यात बीपीच्या गोळ्या न्यायला येणारे एक गुजराती काका काउंटरला दोन्ही हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, मी आता बागेत जात नाही, घराभोवतीच चार फेऱ्या मारतो. मुलगी घरी गेली हे मला आजही पटत नाही.

पण त्या निकालानंतर एक फरक मला टोचत राहिला. त्या आजोबांच्या लेकीचं म्हणणं न्यायाधीशांनी कोर्टात ऐकलं. मग त्यांनी शिक्षेमागची कारणं सगळ्यांसमोर वाचून दाखवली, वयामुळं काय कमी केलं आणि कशामुळं वाढवलं ते. मला न पटण्यासाठी माझ्या हातात काहीतरी होतं. इथं कुणालाही, अगदी माझ्यासारख्या शेजारणीलासुद्धा, गंभीर गुन्ह्यातली शिक्षा फार सौम्य वाटली तर २८ दिवसांच्या आत सरकारच्या कायदा अधिकाऱ्याला लिहिता येतं. आक्काला दारावरचा शिपाई भेटला.

दुसरा फरक मोजमापाचा. इंग्लंडमध्ये खून केलेल्या अल्पवयीन मुलालाही जन्मठेपच होते, फक्त निदान किती वर्षं आत काढायची ते न्यायाधीश ठरवतात. २०२२ पर्यंत अठराच्या आतल्या सगळ्यांसाठी हिशोब १२ वर्षांपासून सुरू व्हायचा. त्या वर्षी तिथं पायऱ्या केल्या. शस्त्र बरोबर घेऊन जाऊन खून केला असेल तर प्रौढाचा हिशोब २५ वर्षांपासून सुरू होतो, सतराच्याचा २३ पासून, पंधरा-सोळाच्याचा १७, चौदा आणि त्याखालच्याचा १३. त्यातून मुलाची समज, घरची परिस्थिती, कुणी भरीला घातलं का, हे बघून वर्षं कमी-जास्त होतात. साउथपोर्टला नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींना मारणारा अठराला नऊ दिवस कमी होता. वयामुळं त्याला मरेपर्यंतची कैद देता आली नाही, पण किमान ५२ वर्षं झाली. नऊ दिवसांनी फरक पडला, पण जमीन पायाखालून गेली नाही.

शाळेतली माझी एक मैत्रीण कोल्हापुरात वकिली करते. तिचं माझं यावर भांडण होतं, आणि तिचं बोलणं मी हलकं घेत नाही. ती म्हणते, इंग्लंडमध्ये दहा वर्षांच्या पोराला गुन्हेगार धरतात, ते तुला चालतं का? नाही चालत. १९९३ मध्ये लिव्हरपूलजवळ दोन वर्षांच्या बाळाला मारणाऱ्या दहा वर्षांच्या दोन मुलांना मोठ्यांच्या कोर्टात उभं केलं, त्यांना दिसावं म्हणून पिंजऱ्याची जमीन उंच केली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं १९९९ मध्ये सांगितलं की त्या मुलांना न्याय्य खटला मिळाला नाही. ते आपल्याकडं नको. ती असंही म्हणते की एडका त्या पोराच्या सॅकमध्ये कुणी ठेवला ते आधी बघ. हे मला शंभर टक्के मान्य आहे. अल्पवयीन आहे, लवकर सुटेल, म्हणून बारक्याला पुढं करायचं हे आता पेठेपेठेत बोललं जातं. मुलांना असं वापरणाऱ्या मोठ्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड, हे याच बाल न्याय कायद्यात लिहिलेलं आहे. ते कलम किती वेळा लावलं म्हणून कुणी मोर्चात विचारत नाही. तलवारीनं केक कापणाऱ्या 'भाई'चा फ्लेक्स चौकात लागतो, तेव्हाही कुणी विचारत नाही.

मोर्चात एकच घोषणा असते, फाशी द्या. आपल्या गावानं तरी ती घोषणा देताना थांबून बघावं. गावित बहिणींच्या वेळी आमच्या आया आम्हाला जोतिबाच्या यात्रेत मनगट धरून चालवायच्या. त्या दोघींना लहान मुलांच्या अपहरण आणि खुनांसाठी २००१ मध्ये कोल्हापूरच्याच कोर्टानं फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं तिची जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जाला जवळजवळ आठ वर्षं लावली होती. ज्यांची बाळं गेली त्यांनी पंचवीस वर्षं वाट बघितली.

मला त्या पोराला फाशी नको आहे, आक्कालाही नको. "त्याची आई बी सकाळी उठून धुणंभांडी करती," हे तीच म्हणाली. मला हवं ते असं: सोळाच्या आतल्या खुनालाही तीनच वर्षांचं झाकण नसावं, वयानुसार उतरत्या पायऱ्या असाव्यात आणि न्यायाधीशाला मोजायला जागा असावी. मुलाचं घर, शाळा, संगत यांचा सामाजिक तपास अहवाल पंधरा दिवसांत मागवतात, ते योग्यच आहे. मग गेलेल्याच्या आईला अर्धा तास आत बोलवावं. मुलाचं नाव गुप्त राहू दे. शिक्षेचं कारण तिच्यापासून गुप्त का? आणि तो सुटणार असेल तर तारीख तिला आधी कळावी. दुधाच्या गिऱ्हाइकाकडून नव्हे.

ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात बसतंय. त्यासाठी कोल्हापूरनं काही दशकं आंदोलन केलं. मोठ्या दोघांचं अपील उद्या झालंच तर आक्काला रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठावी लागणार नाही, चालत जाता येईल. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिथं तरी आत सोडतील का?"

वकील मैत्रिणीनं मंडळाला द्यायचा अर्ज लिहून दिलाय. त्यात एवढीच मागणी आहे की मुलगा कधी सुटणार आणि सुटल्यावर कुठं राहणार हे त्याच्या नावाचा उल्लेख न करता कळवावं. अर्ज घेतील की नाही ते तिलाही सांगता येत नाही. सोमवारी दुपारच्या धारा होण्याआधी दोघी जाणार आहेत. आक्कानं विचारलं, अंगठा चालतो का सही लागते. सही येते तिला, मुलानंच शिकवली होती.