आवाज आहे तर चित्र नाही, चित्र आहे तर आवाज नाही!

भाचीच्या लेकीचं बारसं. व्हिडिओ फोनवर घेतलेला, फोनवर लख्ख दिसतो. आईला बारीक दिसत नाही म्हणून लॅपटॉपवर लावला, तर बायका पाळणा म्हणतायत ते ऐकू येतंय आणि पडदा काळाकुट्ट. आई विचारतेय, "अगं, कुर्र कोण करतंय? आत्या का?" काय सांगू तिला? दुसऱ्या प्लेअरमध्ये लावला तर तो सुरूच होईना. वर तोंडावर एक आकडा फेकला : झिरो एक्स सी डबल झिरो डी ५२१२.

कुणासाठी आहे हा आकडा? माझ्यासाठी? माझ्या आईसाठी? शोधाशोध केल्यावर कळलं की त्याचा अर्थ एवढाच : हा व्हिडिओ उलगडायला जो कोडेक, म्हणजे दाबलेला व्हिडिओ पुन्हा उलगडणारा प्रोग्राम, लागतो, तो या लॅपटॉपवर नाही. म्हणजे यंत्राला पक्कं ठाऊक आहे काय कमी पडतंय ते! व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबून लहान केलाय, हे त्या फाइलच्या आतच लिहिलेलं असतं. लॅपटॉप ते वाचतो, आपल्याकडे ते नाही हे त्याला समजतं, आणि मग तो आपल्याला आकडा दाखवतो. "या व्हिडिओला एचईव्हीसी कोडेक लागतो, तो तुमच्याकडे नाही, इथून घ्या." एवढं एक वाक्य लिहायला काय जात होतं? बिघाड झाला तर मी समजून घेईन. पण सगळं माहीत असून माणसाला अंधारात चाचपडत ठेवायचं, याचा मला भयंकर राग येतो.

आणि कोडेक मुळात का नाही, हे वाचलं तेव्हा तर डोकंच फिरलं. एचईव्हीसी म्हणजेच एच २६५ हे व्हिडिओ दाबण्याचं मानक २०१३ चं. जुन्या एच २६४ पेक्षा साधारण निम्म्या जागेत तेवढंच चांगलं चित्र मावतं, म्हणून फोनवाल्यांनी ते उचललं. २०१७ पासून आयफोनमध्ये ते आपोआप वापरलं जातं, इतरही अनेक फोनमध्ये ती सोय आहे. पण त्या तंत्रावर ढीगभर कंपन्यांचे पेटंट. ती पेटंटची रॉयल्टी गोळा करणारे गटही एक नाही, वेगवेगळे. कुणाला किती द्यायचे यावर वर्षानुवर्षं घोळ. मग विंडोज बनवणारे म्हणतात, आम्ही आत देणार नाही, स्टोअरमधून वेगळा विकत घ्या. किंमत किती, तर एक डॉलरलाही एक सेंट कमी! एवढ्याशा रकमेसाठी माझी आई काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. लॅपटॉप घेताना जे हजारो मोजले त्यात हे बसत नव्हतं?

याहून चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. हा व्हिडिओ उलगडण्याची सोय प्रोसेसरमध्येच असते. २०१५ पासूनच्या कितीतरी प्रोसेसरमध्ये ती आहे. २०२५ मध्ये उघड झालं की दोन मोठ्या लॅपटॉप कंपन्यांनी काही मॉडेलमध्ये ती सोय मुद्दाम बंद करून लॅपटॉप विकले. चिप आत आहे, तिचे पैसे गिऱ्हाइकाने भरलेत, आणि कुलूप कंपनीने घातलंय.

हे काहीच माहीत नसलेला माणूस काय करणार? दुकानात नेणार. मीही नेला. त्या माणसाने व्हिडिओ एकदा लावून बघितला आणि लगेच म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." अरे, फॉरमॅट? आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या, दहा वर्षांचे फोटो, घराची कागदपत्रं, सगळं पुसायचं? कशासाठी? फॉरमॅट मारल्यावरही तो कोडेक आपोआप उगवणार नाहीच! पैसे घेऊन माणूस मोकळा, आणि आपण घरी येऊन पुन्हा त्याच काळ्या पडद्यासमोर. लोकांचं असं नुकसान रोज होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही.

शेवटी व्हीएलसी नावाचा प्लेअर टाकला आणि व्हिडिओ पहिल्या फटक्यात लागला. फुकट. पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, आजही स्वयंसेवक तो चालवतात, लागणारे कोडेक ते सोबतच देतात. त्यांना जमतं. पण आपल्याकडे २०२२ मध्ये सरकारने त्याच व्हीएलसीची वेबसाइट कित्येक महिने बंद करून ठेवली होती. बनवणाऱ्यांना ना नोटीस, ना कारण. त्यांची वकिलांमार्फत सरकारला नोटीस गेली, तेव्हा कुठे नोव्हेंबरात उघडली. तोवर लोकांनी काय करायचं? "फ्री कोडेक पॅक" असं शोधायचं आणि भलत्याच साइटवरून कचरा लॅपटॉपमध्ये भरून घ्यायचा?

आवाजाचं तर विचारूच नका. गाणं लावलंय, मध्ये व्हिडिओ कॉल आला, की गाणं एकदम मरतं. लोक स्पीकर गेला म्हणून दुकान गाठतात. स्पीकरला काहीही झालेलं नसतं! साउंड सेटिंगच्या पार आतल्या एका टॅबमध्ये "कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करा" असं आधीच निवडून ठेवलेलं असतं. कुणी निवडलं? मला विचारलं होतं? एचडीएमआयची वायर टीव्हीला लावली की आवाज गुपचूप तिकडे पळतो, टीव्ही मुका असला तरी. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की सगळा आवाज डबड्यातून आल्यासारखा येतो, कारण जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथला चांगला स्टिरिओ आणि माइक एकाच वेळी झेपत नाहीत, म्हणून तो कॉलच्या हलक्या आवाजावर उतरतो. मुलं या हेडफोनवर ऑनलाइन क्लास करतात, बाईंचं निम्मं बोलणं त्यांना कळत नाही. स्क्रीनवर एक ओळ तरी यावी की नाही?

आणि तो ट्रबलशूटर, लॅपटॉपमधला बिघाड शोधणारा! नुसता तपासत राहतो आणि शेवटी काय, "समस्या सापडली नाही." कस्टमर केअरला फोन करा, ते म्हणणार ड्रायव्हर अपडेट करा, रीस्टार्ट करा, बॅकअप घेऊन रीसेट करा. "आवाज कुठल्या डिव्हाइसवर जातोय ते आधी बघा" किंवा "फाइल कुठल्या प्रकारची आहे" हा पहिला प्रश्न कुणीही विचारत नाही.

खोक्यावर रॅम, एसएसडी, प्रोसेसर मोठ्या अक्षरांत छापता ना? मग त्याच्याच खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हेही छापा : "तुमच्या फोनवर घेतलेले व्हिडिओ या लॅपटॉपवर दिसतीलच असं नाही, त्यासाठी वेगळे पैसे भरा." छापा की. मग बघते, दुकानात किती जण पाकीट उघडतात ते.