सदानंद मॅरिनर यांचा वाडा

सांगलीत राहणाऱ्या माणसाचं आडनाव मॅरिनर, म्हणजे खलाशी, असू शकत नाही, हे मलाही कळतं. आमच्या घराण्यात होडीत बसायचा प्रसंग एकदाच आला, तोही २००५ च्या महापुरात, गॅसची शेगडी मांडीवर घेऊन. पण २००८ साली 'सेकंड लाइफ' नावाच्या इंटरनेटवरच्या जगात शिरायचं तर नाव तुमच्या मनाचं आणि आडनाव त्यांच्या यादीतलं, असा रिवाज होता. यादीत जोशी नव्हते, पाटील नव्हते, साधे शहासुद्धा नव्हते. मी एकेक आडनाव तोंडात घोळवून बघत होतो, तेवढ्यात मुलगा मागून म्हणाला, "बाबा, कुठलंही घ्या. तिथं रेशन कार्ड दाखवायचं नाहीये." असे सदानंद मॅरिनर जन्माला आले.

हे सगळं कशासाठी, तर एका परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी. विषय : ऑनलाइन ओळख आणि सहकार्य. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. ओळखपत्र गळ्यात असून पोरं मला ओळखत नाहीत, आणि सहकार्य म्हणजे काय ते दर बारावीच्या सुपरव्हिजनला बघतो. त्यामुळे विषय नवा नव्हता. नवीन होती ती जागा. वर्ग सेकंड लाइफमध्ये भरणार होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबनं २००३ मध्ये उघडलेलं हे त्रिमितीतलं जग. त्याला खेळ म्हटलेलं तिथल्या रहिवाशांना खपत नाही, कारण तिथं जिंकायचं काहीच नाही. हिंडायचं, उडायचं, जमीन घ्यायची, घर बांधायचं, बाजारात लिंडन डॉलर खर्चायचे. घरच्यांचं मन वळवायला मी मोठमोठी नावं तयार ठेवली होती. २००६ मध्ये हार्वर्डच्या कायदा विभागातले चार्ल्स नेसन यांनी मुलीला जोडीला घेऊन तिथं वर्ग चालवला होता, आणि २००७ मध्ये स्वीडननं चक्क दूतावास थाटला होता.

"व्हिसा देतात का तिथं?" बायकोनं विचारलं.

नाही देत. नुसती माहिती देतात.

"मग ते आपल्या चौकशीच्या खिडकीसारखंच झालं," ती म्हणाली. तिचं आयुष्य बँकेत गेलंय.

पहिला गृहपाठ होता शरीर घडवण्याचा. सेकंड लाइफमध्ये माणूस सरकत्या पट्ट्यांवर बनतो. उंचीची पट्टी, नाकाची, कानाची, हनुवटीखालच्या दुसऱ्या हनुवटीची, आणि पोटाची तर स्वतंत्र. शून्यापासून शंभरापर्यंत काय हवं ते करा. माझे सगळे वर्गबंधू आणि भगिनी पंचविशीत थांबले होते. पुरुषांचे खांदे दारातून जाईनात आणि बायकांच्या कमरा मुठीत मावाव्यात अशा. मी म्हटलं, आपण प्रामाणिक राहू. पोट सत्तरवर, केस शून्यावर, गाल ओघळलेले. चष्मा फुकटच्या दुकानात मिळाला. तो घातला तर उजव्या हातात येऊन बसला, कारण कुठलीही वस्तू कुठं लावायची ते सांगितलं नाही तर ती मुकाट्यानं उजव्या हाताला चिकटते. हातात चष्मा धरूनच मी वर्गात गेलो, आणि एक पंख असलेला घोडा मोठ्या कौतुकानं म्हणाला, "वेश फार छान जमलाय. विडंबन आहे ना?"

खरा चेहरा घेऊन गेलेला तिथं मी एकटाच होतो, आणि सोंग फक्त माझंच वाटत होतं.

तेही दिसलो तर. आमच्या ब्रॉडबँडचा वेग बेताचा आणि कॉम्प्युटर मुलाच्या दहावीच्या वेळचा. सेकंड लाइफमध्ये त्या काळी तुमचं रूप वेळेत पोचलं नाही, तर पोचेपर्यंत इतरांना तुमच्या जागी एक ठरावीक बाई दिसायची. तिचं नाव रूथ. जाणकार मंडळी म्हणत, "अमुक आज रूथ झालाय." पुढे तिची बदली होऊन तिथं धुराचा ढग आला, पण माझ्या वाट्याला रूथच होती. आठवड्यातून एकदा, दाढी न केलेला, बनियनमधला मी सांगलीत बसून 'शिक्षकाची अधिमान्यता' या विषयावर बोलायचो, आणि जगभरातल्या लोकांना ते एका सडपातळ तरुणीच्या तोंडून ऐकू जायचं. खरं सांगायचं तर रूथचं बोलणं लोक जास्त लक्ष देऊन ऐकत. पोट भरून निघालं की, म्हणजे माझं मूळ पोट पडद्यावर उमटलं की, प्रश्न विचारणं बंद व्हायचं.

वर्ग त्यांच्या मंगळवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे आमच्या बुधवारी सकाळी साडेसातला. मार्चात अमेरिकेनं घड्याळं तासभर पुढं ढकलली आणि माझा वर्ग साडेसहावर आला. आमच्या घरात त्या वेळी काय काय चालतं ते ज्यांच्या घरात चालतं त्यांना सांगायला नको. तोंडी बोलायची सोय आदल्या वर्षीच आली होती आणि शिकवणाऱ्या बाईंचा हट्ट होता की सगळ्यांनी माइक चालू ठेवावा. त्यामुळे आमच्या दूधवाल्याची "वैनी, आज म्हशीचं कमी आलंय" ही घोषणा तीन-चार खंडांत गेली. कुकरच्या शिट्टीवर एका बाईनं काळजीनं विचारलं, की तुम्ही रेल्वे स्टेशनवरून बोलताय का? बरं, जिथं माइक नको तिथं टाइप करायचं, तर टाइप करताना अवतार, म्हणजे पडद्यावरचा आपला माणूस, दोन्ही हात पुढे करून हवेत बोटं चालवतो. तीस जणांचा वर्ग उत्तर लिहायला लागला की भजनी मंडळातल्या सगळ्यांनी एकदम अदृश्य पेटी वाजवायला घ्यावी तसं दिसे.

आणि पाच मिनिटं कुणी कीबोर्डला हात लावला नाही, की अवतार मान खाली टाकून कमरेत वाकतो. डोक्यावर पाटी येते : 'बाहेर'. वर्गात बसून बाहेर. हे दृश्य मी पंचवीस वर्षं शेवटच्या बाकावर बघत आलोय, फक्त आमच्याकडे पाटी येत नाही.

मधल्या एका तासाला स्टॅनफर्डच्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांचा २००७ मधला अभ्यास वाचायला होता. त्यांनी लोकांना आभासी जगात कमी-जास्त उंचीचे अवतार दिले आणि पैशांची वाटणी करायला लावली. उंच अवतारवाले जास्त ताठ वागले. बुटक्यांनी उघड अन्याय्य वाटणीही निमूट पदरात घेतली. म्हणजे तुम्ही अवतार निवडता असं वाटतं, पण तोच तुम्हाला वळण लावतो. मी त्या रात्री उंचीची पट्टी पार टोकाला नेली. त्याचं कारण होतं परी.

गटकार्यासाठी बाईंनी तिघांचे गट पाडले. माझ्या गटात एक लांडगा आणि एक परी. परी जेमतेम दीड फुटाची, पाठीला चतुरासारखे पंख, आवाज नाही, सगळं लिहून. लांडगा राखाडी, कोट घातलेला, अत्यंत नम्र. नावगाव सांगायचं नाही, हा खेळाचा नियम. फक्त घड्याळ जुळवण्यापुरतं कळलं की परीकडे रात्रीचे नऊ वाजतात आणि लांडग्याकडे, फिनलंडात, पहाटेचे चार. काम असं : तिघांपैकी एकाच्या गावातली जागा उभारा, जिथं बैठक घेता येईल. लांडग्यानं लाकडी सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, सुचवला. पण बैठकीला कपडे काढून बसायचं या कल्पनेनं मी घाईघाईनं आमच्या आजोळच्या वाड्याचं वर्णन केलं : दिंडीदरवाजा, चौक, ओसरी, तुळशीवृंदावन. ठराव मंजूर झाला.

सेकंड लाइफमधलं बांधकाम ज्या ठोकळ्यांतून होतं त्यांना प्रिम म्हणतात. चौकोनी, गोल, नळकांडं, कडं. त्यांना ओढायचं, ताणायचं, कापायचं, वर चित्र चिकटवायचं. एक प्रिम तेव्हा दहा मीटरहून लांब होत नसे, म्हणून वाड्याची तुळई दोन तुकड्यांत करावी लागली, आणि परीला तो सांधा रात्रंदिवस सलत राहिला. आम्ही सुरुवात सार्वजनिक मैदानात केली. तिथं कुणीही काहीही बांधावं, पण काही तासांनी सगळं आपोआप मालकाकडे परत पाठवतात. दुसऱ्या दिवशी बघतो तर वाडा नाही. माझे खांब माझ्या 'हरवले-सापडले' फोल्डरमध्ये, छप्पर परीच्या, आणि लांडग्याकडे काहीच नव्हतं, कारण त्यानं अजून काहीच केलं नव्हतं. भावकीची वाटणी इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नाही.

मग बाईंनी वर्गाच्या बेटावर १०२४ चौरस मीटरचा तुकडा दिला. एवढ्या जमिनीवर तेव्हा २३४ प्रिम बसत, त्याच्या पुढे एक वीटही नाही. इथं माझी आणि परीची पहिली ठिणगी पडली. मला कौलं हवी होती, एकेक सुटी. परीनं हिशेब मांडला : तुमच्या कौलांतच सगळे प्रिम संपतील, भिंती कशाच्या करता? एक सपाट फळी घ्या आणि कौलांचं चित्र चिकटवा. चित्र चढवायला दहा लिंडन डॉलर पडत, म्हणजे त्या वेळचा साधारण दीड रुपया. माझ्याकडे तोही नव्हता, कारण ते पैसे घ्यायला परदेशी व्यवहार चालणारं कार्ड लागायचं. परीनं शंभर लिंडन डॉलर माझ्या खात्यात टाकले आणि लिहिलं, "परत करायचे आहेत." मी त्या वेळी तिच्या पाचपट उंच होतो. स्टॅनफर्डच्या प्रयोगात ही परी आली असती तर निकाल वेगळा लागला असता.

खरी गंमत पुढेच. जी वस्तू ज्यानं बनवली ती त्याची. माझा खांब परीला सूतभरही हलवता येत नाही. परीचं छप्पर मला नाही. दोन वेगळ्या मालकांचे ठोकळे एकत्र जोडताही येत नाहीत. एकमेकांना हक्क द्यावे लागतात : मित्रयादीत जाऊन, नावासमोरच्या खुणेवर टिचकी मारून, "याला माझ्या वस्तूंना हात लावू दे" असं कबूल करावं लागतं. सहकार्यावर आम्ही जेवढं वाचलं त्यात एवढी रोखठोक व्याख्या कुठं नव्हती. मी उदारपणे परीला हक्क दिले. सकाळी माझे सगळे खांब तीन सेंटिमीटर डावीकडे गेलेले. परीनं मला हक्क दिले नाहीत. "तुम्ही डोळ्यांनी मोजता," तिनं कारण लिहिलं.

बायको एव्हाना चहा घेऊन पाठीमागे उभी राहायला लागली होती. नाव-गाव-चेहरा काही नसताना ती एकेकाची पत्रिका मांडायची. "लांडगा घरातला धाकटा. बोलायला मिळत नाही म्हणून झोपतो. आणि ही परी कुणाची तरी सासू आहे, लिहून घ्या." मी तिला समजावलं की इथं ओळख प्रवाही असते, परीच्या मागे कॉलेजातला मुलगाही असू शकतो. "असेल," ती म्हणाली, "पण तो मुलगा सासू आहे." शेवटच्या आठवड्यात ज्याला वाटेल त्यानं खऱ्या आयुष्यातलं एक वाक्य सांगायचं होतं. परीनं सांगितलं : मला तीन सुना आहेत. सासू की सासरा, ते आजतागायत कळलेलं नाही.

"आणि हे मॅरिनर कोण वाटतात?" मी न राहवून विचारलं.

"ते तुम्ही नाही," बायको म्हणाली. "लोकांचं बोलणं संपेस्तोवर गप्प उभे असतात."

मी तेव्हा भारनियमनामुळे गप्प असायचो. वीज गेली की यूपीएसची पिपाणी सुरू व्हायची, मी लगबगीनं माइक बंद करायचो आणि उरलेली मिनिटं श्वास धरून ऐकायचो. अंतिम मूल्यमापनात बाईंनी माझ्या 'संयमी श्रवणा'ला वेगळे गुण दिले. महावितरणचा त्यात मोठा वाटा आहे.

सादरीकरणाच्या आदल्या सकाळी वाडा बघण्यासारखा झाला होता. दिंडीदरवाजाला आमच्याच गल्लीतल्या एका जुन्या दाराचा फोटो चिकटवलेला, त्यावर कुणीतरी खडूनं लिहिलेला पोलिओचा आकडासुद्धा दिसत होता. ओसरीवर बैठकीच्या तीन जागा. कोपऱ्यात लांडगा, मान खाली, डोक्यावर 'बाहेर'. आणि त्याच्या शेजारी, भिंतीला खेटून, तुळशीवृंदावन.

"अहो, तुळस कोपऱ्यात?" बायको म्हणाली. "सरका जरा."

ती खुर्चीत बसली. मॅरिनर तिच्या हातात पहिल्यांदाच सरळ चालले. तिनं वृंदावनावर टिचकी मारली, ओढलं, पुन्हा ओढलं.

"हलत नाही."

"ते परीचं आहे. तिची परवानगी लागते."

"मग त्यात काय, सही घ्यायची." आणि तिनं बँकेतल्या इंग्रजीत टाइप करायला घेतलं. तुळस चौकाच्या मध्ये असते. ती ओसरीवरून दिसली पाहिजे. प्रदक्षिणेला चारी बाजूंनी जागा लागते. कृपया आवश्यक ती कार्यवाही व्हावी. मॅरिनरांची बोटं हवेत इतक्या वेगानं चालताना मी कधी पाहिली नव्हती.

परी बराच वेळ थांबली. मग विचारलं : चौकाची आतली रुंदी किती?

"सहा मीटर ऐंशी," बायकोनं पडद्याकडे न बघता लिहिलं.

वृंदावन उचललं गेलं, तरंगत आलं आणि चौकाच्या बरोब्बर मध्ये टेकलं. पाठोपाठ माझ्या पडद्यावर सूचना आली की परीनं सदानंद मॅरिनर यांना आपल्या सर्व वस्तूंना हात लावण्याचा हक्क दिला आहे. दोन महिने मी तो मागत होतो.

"हे तुम्ही नाही ना?" परीनं लिहिलं.

"मी मिसेस मॅरिनर."

"वाटलंच. तुम्ही गटात या. लांडग्याला काढू."

कोपऱ्यातली मान हळूच वर झाली. "मी जागा आहे," लांडग्यानं लिहिलं, "फक्त तुमच्या दोघींच्या मध्ये बोलायचं धाडस झालं नाही."