वाजू द्या की, मालक!

सकाळी पहिला सेल्फ मारला की बॉनेटच्या पुढच्या अंगाला 4 सेकंद खळखळ होते, डालड्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखी, आणि मग सगळं गप्प. तुमच्या जुन्या पिकअपला असं होतंय का? मग काहीही करू नका. डिझेल गाडी आहे, वाजणारच. शेजारचे, मेव्हणे, चहाच्या टपरीवरचे सगळे हेच सांगतात आणि एवढे लोक एकदम चुकत नसतात. रेडिओ मोठा करा आणि मार्केट यार्डाला निघा, कांद्याचा लिलाव तुमच्या इंजिनातल्या टायमिंग चेनसाठी थांबत नाही.

ऑइलचं गेज ओढून बघू नका. ते रिकामटेकड्यांचं काम. ही चेन पिस्टननं फिरणाऱ्या क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवते. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं आणि सकाळी प्रेशर चढेपर्यंत ढिली चेन गाईडवर, म्हणजे तिला सरळ धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर, आपटत राहते, असं काही लोक म्हणतात. म्हणू देत. आपण आपलं ऑइल 'अजून चालतंय की' या ग्रेडचंच वापरावं.

गाडी मिस्त्रीला दाखवायचीच असेल तर चांगली तापवून न्या. घरातून निघून, सोलापूरच्या सात रस्ता चौकात अडकून, 42 अंशाच्या उन्हात अक्कलकोट रोडला पोचलात की इंजिन असं शांत होतं, जणू कधी वाजलंच नव्हतं. मिस्त्री कान लावतो, तुमच्याकडं बघतो. 'आवाज कुठंय मालक?' तुम्ही तोंडानं खळखळ करून दाखवा. मी दाखवलीय. गॅरेजमधली पोरं अजून माझी नक्कल करतात.

मग मिस्त्री म्हणतो, 'रातभर ठेवून जावा, सकाळी गार इंजिनावर ऐकतो.' वा! गेल्या महिन्यात मी ठेवली. सकाळी आठला गॅरेजचं पोरगं आलं, झाडायला जागा हवी म्हणून त्यानं गाडी चालू करून बाहेर काढली, झाडलं, परत आत लावली. मिस्त्री साडेदहाला आला. आवाज कुठंय मालक? दुसऱ्या दिवशी मी पोराला बजावलं, गाडीला हात लावायचा नाही. त्यानं लावला नाही. मागं अडकलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरनं लावला. तिसऱ्या दिवशी घरी नळाला पाणी यायची पहाट होती, पण मी बॅरल, बादल्या, बायको सगळं टाकून साडेसातला गॅरेजच्या शटरसमोर बसलो. किल्ली माझ्या खिशात. मिस्त्री त्या दिवशी आलाच नाही, पंढरपूरला गेला होता. तीन रात्री गाडी उभी, तीन दिवस कांदा भाड्याच्या गाडीतून, आणि चार सेकंदांचा तो आवाज ऐकला कुणी? झाडणाऱ्या पोरानं! त्याला विचारलं तर म्हणाला, 'हो, वाजती की. मला वाटलं तशीच असती.'

आवाज ऐकला नसला म्हणून निदान थांबत नाही. आधी अल्टरनेटरचं बेअरिंग बदला. मग वॉटर पंप. मग टॅपेट सेटिंग. बेअरिंग गेलं की ते दिवसभर ओरडतं, सकाळी चार सेकंद हजेरी लावून जात नाही, असल्या शंका काढू नका. गार इंजिनावर फॅन बेल्ट उतरवून दोन-चार सेकंद गाडी चालू केली, तर बेल्टवर फिरणारं सगळं बाजूला पडतं आणि तरीही खळखळ आली तर ती आतली, हे तर मुळीच बोलून दाखवू नका. मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो.

बिल मागू नका.

शेवटी दोष चेनचाच निघाला. आता खरी काटकसर सुरू होते. नुसती चेन बदला. 'गाईड चांगली हायत मालक, टेन्शनर पण कडक हाय, उगं खर्च कशाला?' आपले दीड हजार वाचवणारा माणूस या जगात कुठं भेटतो? मला भेटला. मी त्याला वर चहा पाजला.

19 दिवस. एकोणिसाव्या दिवशी सकाळी परत खळखळ. आता चार सेकंद नाही, चांगली दहा.

मग एका म्हाताऱ्या चाचांना पहाटे सहाला घरी बोलावलं. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पुढच्या कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली, मला म्हणाले, 'मारो सेल्फ.' अर्ध्या मिनिटात निकाल. चेंबर उतरवलं तेव्हा ऑइलच्या जाळीत प्लॅस्टिकचा तपकिरी तुकडा अडकलेला, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर बैलगाडीच्या चाकोरीसारख्या दोन खाचा. हीच ती 'चांगली' गाईड. जाळी तुंबली की प्रेशर कमी, प्रेशर कमी की टेन्शनर ढिला, टेन्शनर ढिला की चेन उरलेली गाईडही खाणार.

अहो, अक्कल कुठं गहाण ठेवलीय का? चेन काय रबरासारखी ताणली जाते? तिची प्रत्येक पिन आणि बुश थोडं थोडं झिजतं, म्हणून ती लांबते, आणि तिच्याबरोबर ती ज्यांवर फिरते त्या स्प्रॉकेट चाकांचे दातही झिजतात. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर ती किती दिवस नवी राहील? रेडिएटर काढायचा, पुली ओढायची, पुढचं कव्हर खोलायचं, चेंबर उतरवायचं, ही मजुरी एकदाच लागते. तेवढं सगळं उघडून समोर बसलेला माणूस हातभर लांबीवर असलेली गाईड बदलत नाही? दोन्ही स्प्रॉकेट, टेन्शनर, गाईड, क्रँकचं ऑइल सील, सगळं एकाच वेळी टाकायचं असतं. स्प्रॉकेटवरच्या खुणा जुळवल्या की क्रँक पान्यानं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा, तेवढ्यात कॅम एकदा फिरतो, आणि खुणा परत जागेवर आल्या का ते बघूनच कव्हर लावायचं. त्या पठ्ठ्या मिस्त्रीनं सरळ सेल्फ मारला होता. चेननं दात सोडले असते तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले असते, मग हाफ इंजिनचा खर्च काय त्याचा काका देणार होता?

आणि तुम्ही हसू नका. वर्षभर रेडिओ मोठा करून कोण फिरत होतं? मीच. तुमच्या दारातली पण वाजतीय, मला गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येतं. उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी गेज तरी काढून बघा रे!

तो तुकडा मी काड्यापेटीत घालून डॅशबोर्डवर ठेवलाय. परवा विजापूर वेशीत तो मिस्त्री भेटला. 'काय मालक, आवाज गेला का?' मी पेटी उघडून दाखवली. त्यानं तुकडा उचलला, उन्हात धरला, उलटसुलट केला आणि परत ठेवला.

'हे आपल्या गाडीतलं नसंल,' म्हणाला.